उबुंटूवर नवं ऑफिस: बदल किती करायचे, लिहायचे किती

वागळे इस्टेटमधलं किंवा महापेतलं एखादं छोटं ऑफिस विंडोजवरून उबुंटू या लिनक्स प्रणालीवर येतं, तेव्हा डेस्कटॉप सपोर्टला नव्याने लागलेल्यांची धडपड असते सगळ्यांना खूश करायची. कुणाला पट्टी खाली हवी, कुणाला मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, कुणाला फोनेटिक. द्या की! फक्त जो बदल दोन ओळींत लिहून दुसऱ्या मशीनवर तसाच करता येणार नाही, तो करू नका.

ग्नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, बहुतेक सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या डेटाबेसमध्ये जातात. टर्मिनलमध्ये ‘डीकॉन्फ वॉच /’ चालू ठेवून माउसने बदल केला की नेमकी कुठली ‘की’ (सेटिंगचं नाव) बदलली ते समोर येतं. ती ओळच नोंदीत टाका. स्क्रीनशॉटवर फार विसंबू नका; आवृत्ती बदलली की बटणं जागा सोडतात. सगळ्या सेटिंग्जचा अख्खा डम्प एका फाइलमध्ये काढून दुसऱ्याच्या मशीनवर लोड करणंही टाळा, त्यात खिडक्यांच्या आकारासारखा बराच कचरा असतो. हवा तेवढाच भाग घ्या.

सगळ्यांसाठी एकच डिफॉल्ट हवा असेल तर फाइल ‘/इटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी’मध्ये जाते आणि नंतर ‘डीकॉन्फ अपडेट’ चालवावं लागतं. त्याच डीकॉन्फ फोल्डरमध्ये प्रोफाइलची ‘युजर’ फाइल नसेल, तर एररही न येता काहीच होत नाही. नवखे हमखास इथेच अडकतात. डिफॉल्ट दिला तरी माणूस तो स्वतःपुरता बदलू शकतो. लॉक लावलं तर नाही. लॉक प्रॉक्सीसारख्या (इंटरनेट कुठून जायचं त्या) गोष्टींपुरतं ठेवा. वॉलपेपरला लॉक लावून तक्रारी ओढवून घेण्यात काय मिळतं?

एक्स्टेन्शन, म्हणजे ग्नोमला जोडायच्या जादा सोयी, दोन-तीनच द्या. 2023 मध्ये ग्नोम 45 आलं, तेव्हा जुनी एक्स्टेन्शन्स नव्याने जुळवून घेतल्याशिवाय चालेनात. नोंदीत एक्स्टेन्शनच्या नावाशेजारी ग्नोमची आवृत्ती हवीच.

सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) बदलताना ‘/युएसआर/लिब’मधली मूळ फाइल उघडू नका, पॅकेज अपडेट झालं की तो बदल पुसला जातो. ‘सिस्टेमसीटीएल एडिट’ केलं की ओव्हरराइड, म्हणजे मूळ फाइलीवर मात करणारा बदल, ‘/इटीसी’त बसतो. त्यात ‘एक्झेकस्टार्ट’ (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलायचं तर आधी ते रिकामं लिहा, मग नवं. नाहीतर साधी सर्व्हिस सुरूच होत नाही. असे बदल कुठे कुठे झालेत ते ‘सिस्टेमडी-डेल्टा’ दाखवतं.

‘इटीसीकीपर’ लावलंत तर ‘/इटीसी’तले बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, जमा होत राहतात. काय बदललं ते कळतं, का बदललं ते मात्र माणसानेच लिहायचं. अपग्रेडच्या वेळी पॅकेज बसवणारं एपीटी विचारतं, जुनी फाइल ठेवू की नवी? ‘डी’ दाबून फरक बघता येतो, पण कारण माहीत नसेल तर फरक बघूनही निर्णय होत नाही. म्हणून फाइलमध्येच, बदललेल्या ओळीच्या वर, कॉमेंट टाका: कारण, तारीख आणि आधीची सेटिंग. दुसऱ्या शिफ्टचा माणूस ती फाइल उघडेल तेव्हा तुम्ही ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत असाल आणि फोन उचलता येणार नाही.