एका वेळी एकच पुस्तक

पालकत्वावरची पाच पुस्तकं एकदम आणू नका. न वाचलेल्या पुस्तकांचंच ओझं होतं. सुरुवात किम जॉन पेन आणि लिसा रॉस यांच्या ‘सिम्प्लिसिटी पेरेंटिंग’ने (२००९) करा. घरातला पसारा, दिवसाची लय, मुलांचं वेळापत्रक आणि मोठ्यांच्या काळज्या मुलांपासून लांब ठेवणं, यांवर ते आहे. खेळण्यांबद्दलचा सल्ला तर थेटच: निम्मी काढा, उरलेल्यांतली पुन्हा निम्मी. वाचताना मला धसकाच बसला होता. पण आमच्या टोपलीत मोजके ठोकळे उरले आणि मुलगी त्यांच्यापाशी तासभर रमली. तोवर ती टोपली पालथी करायची आणि उठून जायची. मोडकी, तुकडे हरवलेली आणि बटण दाबलं की नुसती वाजणारी खेळणी आधी काढा. झिजलेली लाडकी बाहुली मात्र जागची हलवू नका.

मग मायला आणि जॉन कबाट-झिन यांचं सजग पालकत्वावरचं, म्हणजे मुलांसोबतच्या क्षणाकडे नीट लक्ष देण्यावरचं, ‘एव्हरीडे ब्लेसिंग्ज’ (१९९७) घ्या. ते सलग वाचायची गरज नाही, रात्री थोडंसं वाचलं तरी पुरे. शेवटी बारा सराव दिलेत. सगळे करायला जाऊ नका, मुलाच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याचा तेवढा आठवडाभर करा. सकाळी दारात त्याची बुटाची नाडी सुटत नसते आणि आपण ‘चल लवकर’ म्हणत वरून वाकलेले असतो. खालून त्याला आपला चेहरा कसा दिसत असेल?