केस पिकू लागल्यावर: कलप लावताना आणि सोडताना होणाऱ्या चुका

पहिले पांढरे केस बहुधा कानशिलांवर किंवा भांगाच्या कडेला दिसतात, आणि ते दिसल्यानंतर अनेक घरांत आठवडाभरात कलप येतो. येथे चूक कलपाची नसते, घाईची असते. डोक्यावर मोजून पंचवीस-तीस केस पांढरे असताना सगळ्या केसांना कायमस्वरूपी रंग लावण्याची काहीच गरज नसते. तरीही तो लावला जातो, आणि त्या दिवसापासून मुळांशी उगवणारी पांढरी कड झाकणे हे दर महिन्याचे बंधन होऊन बसते. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कड दिसू लागणे अटळ असते. हे गणित आधी समजून घेतले असते तर आपण इतक्या लवकर सुरुवात केली नसती, असे अनेक जणी पुढे म्हणतात.

घाई उलट बाजूनेही होते. कोणाचे तरी सुंदर रुपेरी केस पाहून एखादी स्त्री कलप एकदम बंद करते, दोन-तीन महिन्यांनी डोक्यावर दोन रंगांचे पट्टे दिसू लागतात, आणि अगदी त्याच वेळी घरात एखादा समारंभ किंवा कार्यालयात महत्त्वाची बैठक येते. मग पुन्हा कलप लागतो आणि "आपल्याला हे जमणार नाही" अशी समजूत पक्की होते. वास्तविक त्या तीन महिन्यांवरून काहीच ठरवता येत नाही, कारण आपले पिकलेले केस पूर्ण वाढल्यावर कसे दिसतील हे तोवर तिने पाहिलेलेच नसते.

या विषयावर बोलताना लोक चटकन नैतिक भाषेत शिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. केस रंगवणारी स्त्री वयाला घाबरते आणि न रंगवणारी स्वतःकडे दुर्लक्ष करते, ही दोन्ही विधाने सारखीच अन्यायाची आहेत. "आहेत तसे स्वीकारा" हा सल्ला देणे सोपे असते, पण पांढऱ्या केसांची व्यावसायिक किंमत काही क्षेत्रांत स्त्रियांना खरोखर मोजावी लागते. कॅनडातील वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लॅम यांनी २०२० मध्ये केस रंगवणे थांबवले आणि २०२२ मध्ये, ३५ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांचा करार संपवण्यात आला. त्या निर्णयाचा केसांशी संबंध असल्याचे कंपनीने नाकारले, तरी त्यावरून जी चर्चा पेटली तिच्यात असंख्य नोकरदार स्त्रियांनी स्वतःची धास्ती ओळखली. म्हणून इतर कोणी काय करते यापेक्षा दोन साध्या प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत: दर तीन-चार आठवड्यांनी मुळे रंगवणे मला किती वर्षे जमेल आणि परवडेल, आणि मी आज जे करत आहे त्यातून उद्या मागे फिरणे किती सोपे असेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जितके अनुकूल, तितका निर्णय शहाणपणाचा असे मी मानते. केस थोडेच पिकले असतील तर काही धुण्यांत उतरणारा तात्पुरता रंग, भांगाची जागा बदलणे किंवा मधल्या काही बटांना उजळ छटा देणे, हे तिन्ही मार्ग परतीचा रस्ता खुला ठेवतात.

कारण न पाहता उपाय करणे

केसाचा रंग त्याच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी तयार करतात आणि त्या पेशींचा साठा वयानुसार आटत जातो. वय कोणत्या वेगाने रंग नेणार हे प्रामुख्याने आनुवंशिकतेवर अवलंबून असते. एक पांढरा केस उपटला तर त्याच्या जागी दहा उगवतात ही समजूत खोटी आहे, कारण प्रत्येक केस स्वतःच्या स्वतंत्र मुळातून येतो. पण उपटण्याचा फायदाही काही नाही, कारण त्या मुळातून पुन्हा पांढराच केस येतो आणि वारंवार उपटल्यास मूळ दुखावून तेथे विरळपणा येऊ शकतो. त्याचप्रमाणे बाहेरून लावलेल्या कोणत्याही तेलाने गेलेला रंग परत येत नाही. तेलाने केस मऊ होतात, आणि त्यासाठी ते जरूर लावावे.

मात्र पंचविशीच्या आत मोठ्या प्रमाणावर केस पिकत असतील तर कलपाच्या आधी रक्ततपासणी करावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉईडचे विकार यांचा अकाली पिकण्याशी संबंध असतो, आणि कमतरता भरून काढल्यावर काही जणींच्या केसांत रंग परतल्याचेही दिसले आहे. रंगाखाली हे लक्षण झाकून टाकणे ही केसांपेक्षा प्रकृतीची चूक ठरते.

कलप लावताना

सर्वांत गंभीर चूक म्हणजे त्वचेवर चाचणी न घेणे. बहुतेक कायमस्वरूपी गडद रंगांमध्ये पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याच्या जवळचे रसायन असते, आणि त्याची ॲलर्जी कधीही उद्भवू शकते. "मी हाच कलप दहा वर्षे वापरते, मला काही होत नाही" हा भरवसा येथे कामाचा नाही, कारण ॲलर्जी वारंवार संपर्क आल्यानेच निर्माण होते, आणि दहा वर्षांचा निर्विघ्न वापर म्हणजे दहा वर्षांचा संपर्क. प्रत्येक वेळी रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पाकिटावरील सूचनेप्रमाणे थोडे मिश्रण लावून वाट पाहावी. खाज, लाली, सूज किंवा फोड आले तर तो रंग डोक्याला लावू नये आणि "दुसऱ्या कंपनीचा लावून पाहू" असा प्रयोगही करू नये, कारण रसायन बहुधा तेच असते. रंग लावल्यानंतर टाळूची आग झाली तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पापण्या किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठावे. हा रंग भुवयांना आणि पापण्यांना कधीही लावू नये. तेथे चूक झाली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी चूक पाकिटावरील शब्दांवर विसंबण्याची आहे. शुद्ध मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य पांढऱ्या केसाला केशरी-तांबडा रंग देते, काळा नव्हे. तासाभरात, एकदाच लावून केस काळेभोर करणारी "काळी मेंदी" असेल तर तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते, आणि नैसर्गिक समजून तिची चाचणीही कोणी घेत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची. वनस्पतिजन्य मार्गानेच काळसर छटा हवी असेल तर आधी मेंदी आणि नंतर निळीच्या पानांची पूड अशा दोन टप्प्यांत ती मिळते. वेळ जास्त लागतो आणि छटा दर वेळी तंतोतंत सारखी येत नाही. काही मिश्र मेंदींत धातूंचे क्षार असतात, आणि त्यांवर पुढे पेरॉक्साइडचा रंग किंवा ब्लीच लावल्यास केस तापून तुटू शकतात, म्हणून आधी काय लावले होते ते रंगकाम करणाऱ्या व्यक्तीला न लपवता सांगावे. "अमोनियारहित" हा शब्दही असाच फसवा आहे: अमोनियाच्या जागी इथेनॉलअमिनसारखे दुसरे अल्कधर्मी द्रव्य घातलेले असते. वास जातो, परंतु केसाचे आवरण उघडण्याचे काम तसेच चालते आणि पीपीडीही असू शकते.

रंग नीट बसत नाही ही तक्रार नेहमीची आहे आणि तिची कारणे बहुधा साधी असतात. पिकलेला केस काहींच्या बाबतीत राठ असतो आणि त्याचे आवरण घट्ट असते, विशेषतः कानशिलांवर. अशा वेळी रंगाची सुरुवात तेथूनच करावी, थर भरपूर लावावा, आणि सांगितलेला पूर्ण वेळ ठेवावा. पाकिटावर ३५ मिनिटे लिहिलेली असताना वीस मिनिटांत डोके धुतले तर रंग न बसल्याचा दोष रंगाला देता येत नाही. पांढरे झाकण्यासाठी सहसा २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा, डेव्हलपर (रंगात मिसळायचे द्रव्य) पुरेसा असतो. ९ किंवा १२ टक्क्यांचा वापरून झाकणे सुधारत नाही, केस मात्र अधिक कोरडे होतात.

दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत रंग ओढणे हीदेखील फार पसरलेली सवय आहे. लांबीवर रंग आधीच असतो. त्यावर थरावर थर चढत गेले की टोके निर्जीव काळी आणि मुळे फिकट दिसतात. दर महिन्याला फक्त नव्याने उगवलेला भाग रंगवावा. छटा निवडताना तरुणपणीच्या गर्द काळ्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट तपकिरी घ्यावी, कारण वयासोबत त्वचेचाही रंग सौम्य होत जातो आणि शेजारचा गर्द काळा रंग चेहऱ्यावरील रेषा अधिक ठळक करतो. चुकून फार गडद झालेच तर पहिल्या काही दिवसांत जोरदार स्वच्छता करणाऱ्या शाम्पूने दोन-तीनदा धुवावे. त्यावर फिकट रंग लावून उपयोग नाही. रंग रंगाला उतरवत नाही, त्यासाठी रंग काढणारे वेगळे द्रव्य लागते आणि ते जाणकाराच्या हातूनच वापरावे.

कर्करोगाच्या भीतीबद्दल प्रामाणिकपणे इतके म्हणता येते: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्यवसाय म्हणून रोज रंगाच्या संपर्कात येणाऱ्या केशकारागिरांचे काम "बहुधा कर्करोगकारक" गटात ठेवले आहे, तर वैयक्तिक वापराबाबत वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले आहे. अमेरिकेतील १,१७,२०० परिचारिकांचा ३६ वर्षे मागोवा घेणारा आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बहुतेक कर्करोगांबाबत धोका वाढल्याचे दाखवत नाही, तरी काही विशिष्ट प्रकारांत थोडी वाढ त्यात दिसली. घाबरून जावे असे यात नाही, पण गरजेपेक्षा जास्त वेळा, टाळूला चोळून रंग लावू नये इतका अर्थ त्यातून नक्की निघतो.

कलप सोडताना

येथे पहिली चूक काळाचा अंदाज न बांधणे ही आहे. खांद्यापर्यंतचे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरचे केस पूर्ण नव्याने वाढायला दोन वर्षे किंवा थोडा अधिक काळ लागतो. कमरेपर्यंतच्या केसांना त्याहून कितीतरी जास्त. ज्यांना थांबणे कठीण वाटते त्यांच्यासाठी केस कापून छोटे करणे हा सर्वांत जलद आणि केसांना सर्वांत कमी त्रासाचा उपाय आहे, फक्त तो रागाच्या किंवा निराशेच्या दिवशी करू नये. लांबी ठेवायची असेल तर रंगलेल्या भागात बारीक उजळ बटा घालून दोन रंगांमधली सीमारेषा पुसट करता येते, किंवा दर वेळी एक पायरी फिकट असा काही आठवड्यांत उतरणारा रंग वापरून उतरत जाता येते. भांग वाकडातिकडा पाडला की सरळ रेघ दिसत नाही; ही अगदी छोटी युक्ती पहिले सहा महिने फार साथ देते.

सारे केस एका दिवसात ब्लीच करून पांढऱ्यांशी जुळवून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. वर्षानुवर्षांचा काळा रंग उतरताना आधी तांबडा, मग केशरी, मग पिवळा होत जातो, आणि पांढऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर टोके तुटू लागतात.

रुपेरी केस पिवळे पडले की अनेक जणींना वाटते आपले पांढरेपणच मळकट आहे. ते तसे नसते. ऊन, धूर, पाण्यातील क्षार, गरम इस्त्री आणि रंगीत तेले यांचा डाग पांढऱ्या केसावर लगेच दिसतो, काळ्यावर तो झाकला जातो. उन्हात डोके झाकावे, इस्त्रीचे तापमान कमी ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू वापरावा, कारण जांभळा पिवळ्याला मारतो. रोज वापरल्यास तोच जांभळी झाक सोडतो आणि केस कोरडे करतो. वयानुसार टाळूचे तेल कमी होते, त्यामुळे बाकीच्या दिवशी सौम्य शाम्पू आणि कंडिशनर यांना पर्याय नाही. पिकलेले केस "राठ आणि आवरत नाहीत" ही तक्रार या एका बदलाने बरीच कमी होते.

आणि दोन वर्षे थांबून, सगळे रुपेरी झाल्यावर ते आवडले नाहीत, असेही होऊ शकते. त्यात पराभव मानण्याचे काही कारण नाही. पण परतताना एकदम कायमस्वरूपी गडद रंग न लावता आधी काही धुण्यांत उतरणारी छटा महिनाभर पाहावी. मध्ये दोन वर्षे गेली म्हणून शरीर आधीची ॲलर्जी विसरत नाही, त्यामुळे या वेळीही ४८ तासांची चाचणी पहिल्याइतक्याच काळजीने घ्यावी.