आपल्या क्रीडा मंडळाचा इतिहास कसा लिहावा

पुण्याच्या पेठांमधली आणि उपनगरांमधली खो-खो व कबड्डीची अनेक मंडळे आज पन्नाशी किंवा पंचाहत्तरी गाठत आहेत. महोत्सवी वर्ष जवळ आले की कार्यकारिणीच्या बैठकीत स्मरणिका काढण्याचा ठराव होतो आणि मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम एखाद्या जुन्या खेळाडूकडे सोपवले जाते. माझ्याकडे ते असेच आले. पहिल्या मसुद्यात माझ्या हातून ज्या चुका झाल्या आणि त्या दुरुस्त करताना जी पद्धत हाती लागली, ती इतर मंडळांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहे.

या कामाला किमान दीड वर्ष हाताशी असावे. जाहिराती, शुभेच्छा संदेश आणि छायाचित्रांची मांडणी तीन महिन्यांत होऊ शकते. इतिहासाचे तसे होत नाही, कारण त्यातला बराच भाग माणसांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या स्मरणात विखुरलेला असतो.

स्थापनेचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष

सर्वात आधी स्थापनेचा प्रश्न सोडवावा, कारण बहुतेक मंडळांच्या बाबतीत दोन तारखा असतात. मुले एखाद्या शाळेच्या पटांगणावर किंवा वाड्यामागच्या मोकळ्या जागेवर खेळू लागतात, संघाला नाव मिळते, स्पर्धेत प्रवेशिका भरली जाते आणि मग काही वर्षांनी, अनुदानाची किंवा जागेची गरज निर्माण झाल्यावर, संस्थेची नोंदणी होते. ही नोंदणी साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली असते. दोन्ही वर्षे द्यावीत आणि कोणते कशाचे आहे हे स्पष्ट लिहावे. नोंदणीचे वर्ष मागे ढकलून मंडळ जुने ठरवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पुढे शताब्दी साजरी करणाऱ्यांना त्याच चुकीवर हिशेब मांडावा लागतो.

धर्मादाय आयुक्त कार्यालयातून मंडळाच्या घटनेची आणि नोंदवहीतील उताऱ्याची प्रमाणित प्रत अर्ज करून मिळवावी. तेथे आणखी एक मौल्यवान साधन असते, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ते म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की तो बदल कलम २२ प्रमाणे कळवावा लागतो. मंडळाने हे अर्ज नियमित केले असतील, तर कोणत्या काळात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार कोण होते याची सलग मालिका त्यांतून उभी राहते. इतिवृत्ताची वही हरवलेल्या मंडळांना तर हाच कणा पुरतो.

वह्या हरवण्याचे पुण्यात एक मोठे कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांमध्ये घरेच्या घरे पाण्याखाली गेली. त्या भागातील कोणत्याही मंडळाचे त्यापूर्वीचे कागद मिळत नसतील, तर ते कोणाच्या घरी ठेवलेले असत हे विचारावे आणि ‘पुरात गेले’ ही नोंदही इतिहासात घ्यावी. तेवढ्यावर शोध मात्र थांबवू नये. त्या काळातील प्रतिस्पर्धी मंडळ उंचावरच्या वस्तीतले असेल, तर त्याच्या दप्तरात आपल्या संघाशी झालेल्या सामन्यांच्या नोंदी सापडू शकतात.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख

जुन्या पावत्या, पत्रे आणि छायाचित्रे यांवर बहुधा वर्ष नसते. अशा वेळी कागदच थोडेफार बोलतो. वर्गणीची पावती रुपये-आणे-पै यांत असेल, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वीची किंवा त्यानंतरच्या थोड्या संक्रमणकाळातील असते. पत्त्यात ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ असे असेल तर पत्र जुने असण्याचा संभव आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणून ‘४११०३०’ छापलेले पत्रशीर्ष त्याआधीचे असूच शकत नाही. प्रमाणपत्रावर ‘मुंबई राज्य’ असेल, तर ते सामान्यतः १ मे १९६० पूर्वीचे मानावे. शके आणि तिथी दिलेली असेल, तर शकात ७८ मिळवावेत आणि पौष ते फाल्गुन या महिन्यांतील तिथी जानेवारीनंतरची असल्यास ७९ मिळवावेत. शक्य असल्यास त्या वर्षीचे पंचांग पाहून खात्री करावी.

हंगामाचा घोळ हा याहून मोठा असतो. राष्ट्रीय पातळीवरची पहिली खो-खो स्पर्धा विजयवाडा येथे झाली, तिचे वर्ष १९५९-६० असे जोडूनच सांगितले जाते. स्थानिक स्पर्धांच्या बाबतीतही तसेच होते: एकाच हंगामातील जिल्हा स्पर्धा डिसेंबरमध्ये आणि राज्य स्पर्धा फेब्रुवारीत असेल, तर ढालीवर एक वर्ष आणि प्रमाणपत्रावर दुसरे वर्ष दिसते. माझ्या पहिल्या मसुद्यात अशा एकाच विजेतेपदाचे दोन झाले होते. एका ज्येष्ठ खेळाडूने, “त्या वर्षी माझी मॅट्रिक होती, मी दोनदा कसा खेळलो असेन?” असे विचारले, तेव्हा चूक उघड झाली. त्यानंतर मी प्रत्येक नोंदीसाठी हंगाम, प्रत्यक्ष तारीख आणि पुरावा असे तीन वेगळे रकाने केले.

वृत्तपत्रे आणि माणसे

‘केसरी’ १८८१ पासून आणि ‘सकाळ’ १९३२ पासून निघत आहे, त्यामुळे पुण्यातील मंडळाला वृत्तपत्रांचा मोठा आधार आहे. मात्र जुने अंक सरसकट चाळायला बसू नये. मातीच्या मैदानावरील स्पर्धा पावसाळ्यात होत नसत, म्हणून शोधाचा काळ आपोआप कमी होतो. ढाली आणि प्रमाणपत्रांवरून अंदाजे आठवडा ठरवावा आणि अंतिम सामन्याच्या पुढच्या तीन-चार दिवसांचे अंक पाहावेत. बातमी सापडली की ती पूर्ण उतरवून घ्यावी. “दीड मिनिट संरक्षण आणि चार गडी बाद” एवढे एक वाक्यही त्या खेळाडूच्या नातवंडांसाठी अमूल्य असते. पराभवाच्या बातम्याही टिपाव्यात. उपांत्य फेरीत कोणाकडून हरलो हे कळल्याशिवाय त्या काळी स्पर्धा किती चुरशीची होती हे वाचकाला समजत नाही.

मुलाखती घेताना “मंडळाबद्दल काहीतरी सांगा” असे म्हटले, तर सत्कार समारंभातले भाषण ऐकायला मिळते. त्यापेक्षा जुना संघफोटो हातात द्यावा आणि डावीकडून एकेकाचे नाव विचारावे. शक्य असेल तर मुलाखत मैदानावरच घ्यावी. खांब कुठे होते, सूर कोणत्या बाजूला मारत असत, प्रेक्षक कोठे बसत, हे दाखवता दाखवता बसल्या जागी न आठवलेल्या गोष्टी आठवतात. मैदान कोण शिंपडत असे, रेषा आखायला फक्की कोण मारत असे, बाहेरगावी जाताना संघाचे डबे कोणत्या घरून येत असत, हे प्रश्न आवर्जून विचारावेत. चषक जिंकणाऱ्यांची नावे कोठेतरी छापलेली असतात. रोज संध्याकाळी तासभर आधी येऊन खडे वेचणाऱ्या माणसाचे नाव आपण लिहिले नाही, तर ते कायमचे जाते.

मुलींच्या संघाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. लग्नानंतर आडनाव आणि गाव बदलल्यामुळे त्या खेळाडूंचा माग सुटतो आणि स्मरणिकेत ‘महिला संघानेही उज्ज्वल यश मिळवले’ एवढ्या एका ओळीत त्यांचा इतिहास संपतो. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या शहरात तरी हे होऊ नये. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे नोंदवावीत. एक खेळाडू सापडली की तिच्याकडून इतर दोघी-तिघी सापडतात. आमच्या मंडळात अशा रीतीने जवळजवळ संपूर्ण संघ पुन्हा जोडला गेला.

यश नेमके किती

या कामाचा सर्वात नाजूक भाग यशाची यादी हा आहे, आणि माझ्या मते मंडळाच्या इतिहासाची विश्वासार्हता येथेच ठरते. प्रत्येक यशापुढे स्पर्धा कोणत्या संघटनेची होती, कोणत्या गटाची होती आणि आपला खेळाडू तेथे नेमके काय करून आला, या तीन प्रश्नांची उत्तरे असलीच पाहिजेत. ‘राष्ट्रीय खेळाडू’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. महासंघाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, शालेय राष्ट्रीय स्पर्धा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा या तिन्ही मानाच्या आहेत, परंतु त्या एक नव्हेत. संभाव्य संघाच्या शिबिरात असणे, राखीव खेळाडू असणे आणि प्रत्यक्ष सामन्यात उतरणे यांतही अंतर आहे. हे अंतर नोंदवल्याने कोणाचा मान कमी होत नाही, उलट जो खरोखर खेळला त्याच्या श्रमांची किंमत राहते.

गटांची नावेही जपून वापरावीत. आज खो-खोत कुमार गट अठरा वर्षांखालील खेळाडूंचा असतो, कबड्डीत तो वीस वर्षांखालील असतो, आणि वयोमर्यादा काळानुसार बदललेल्या आहेत. म्हणून गटाच्या नावासोबत त्या काळातील मर्यादा द्यावी. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पुरस्कार गटानुसार वेगवेगळे आहेत: पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, कुमार गटातील मुलींसाठी जानकी, किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार हा याहून निराळा. पुरस्काराचे नाव चुकले, तर खेळाडूचा गटच चुकतो.

गुणांची तुलना करताना त्या वेळचे नियम सांगावेत. बोनस गुण नसलेल्या काळातील कबड्डीचा गुणफलक आजच्या गुणफलकाशेजारी ठेवला, तर जुने चढाईपटू दुबळे वाटू लागतात, आणि ते खरे नसते. तसेच मंडळाकडून खेळू लागलेला खेळाडू पुढे पोलीस, रेल्वे किंवा बँकेच्या संघात गेला असेल, तर तेथील विजेतेपद त्याच्या वैयक्तिक कामगिरीत लिहावे, मंडळाच्या विजेतेपदांच्या यादीत मिसळू नये.

दोन आठवणी जुळत नसतील आणि कागद मिळत नसेल, तर दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नावानिशी द्याव्यात. मंडळात पडलेली फूट, गेलेले मैदान, बंद पडलेला संघ हेही लिहावे. फुटीची हकिगत लिहिताना दुसऱ्या गटातील किमान एका जबाबदार व्यक्तीला मजकूर दाखवावा. आम्ही तसे केले, तेव्हा आमच्याकडे नसलेले दोन संघफोटो त्यांनी स्वतः आणून दिले.

मोठ्या इतिहासाशी जोड

खेळाचा सर्वसाधारण इतिहास एका पानापेक्षा जास्त नसावा, आणि त्यात पुराणकाळापासून सुरुवात करू नये. पुण्याकडे सांगण्यासारखे नजीकचेच पुष्कळ आहे. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला आणि खो-खोचे नियम बांधण्याचे काम १९१४ साली तेथील समितीने हाती घेतले; कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ साली बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. यांपैकी आपल्या मंडळाशी ज्याचा संबंध येतो तेवढेच घ्यावे. माती जाऊन मॅट कधी आली, त्यासाठी पैसे कसे उभे केले आणि मॅट आल्यावर सूर मारण्याच्या पद्धतीत काय फरक पडला, हे आपल्या मंडळाखेरीज दुसरे कोणी लिहिणार नाही.

या कामाचा एक चांगला नमुना आयर्लंडमध्ये आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांसाठी संघटना स्थापन झाली. तिचे क्लब चर्चच्या हद्दीप्रमाणे गावोगाव उभे राहिले आणि तेथील खेळाडू आजही मानधनाशिवाय आपल्या गावासाठी खेळतात. १९८४ मध्ये शताब्दी आली, त्या सुमारास अनेक लहान क्लबांनी आपापले इतिहास छापले. गावचे मैदान, त्यासाठी राबलेले हात आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळणारी घराणी यांना त्या इतिहासांत चषकांच्या बरोबरीचे स्थान असते. आपल्या पेठेतील मंडळाचा पिंडही फारसा वेगळा नाही.

छापल्यानंतर

छपाईपूर्वी सर्व ढाली, प्रमाणपत्रे आणि कात्रणे स्कॅन करून त्यांच्या प्रती निदान तीन वेगळ्या घरी ठेवाव्यात, आणि मूळ कागद ज्याचे त्याला सही घेऊन परत करावेत. पुस्तकाच्या शेवटी खेळाडूंच्या नावांची सूची द्यावी, कारण बहुतेक वाचक पुस्तक उघडताच आपले किंवा आपल्या वडिलांचे नाव शोधतात. दूरध्वनी क्रमांक आणि घरचे पत्ते छापू नयेत. एक प्रत पुणे नगर वाचन मंदिरात, एक जिल्हा संघटनेकडे आणि एक मंडळ ज्या शाळेच्या मैदानावर खेळले त्या शाळेच्या ग्रंथालयात द्यावी.

प्रकाशनाच्या दिवशीच एक दुरुस्तीची वही उघडून मंडळाच्या कार्यालयात ठेवावी. आमच्या वहीत पहिल्याच महिन्यात अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी एक नोंद मैदानावर पाणी मारणाऱ्या काकांच्या मुलीने केली होती. आम्ही त्यांचे नाव छापले होते, परंतु आडनाव चुकले होते.