ठाणे गॅझेटिअरचा संदर्भ द्यायचा कसा

मी ठाण्यात एमएच्या मुलांचे इतिहासाचे लघुप्रबंध तपासते. ‘ठाणे गॅझेटिअर, पृ. ५५’ अशा तळटिपा सारख्या दिसतात आणि वाचणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. १८८२ सालचं ते गॅझेटिअर, म्हणजे ब्रिटिश सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, हे एकच पुस्तक नव्हे. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, तोही दोन भागांत, आणि गावोगावची माहिती चौदाव्या खंडात. ५५ वं पान दोन्ही खंडांत आहे. मग शोधणाऱ्याने कुठलं उघडायचं?

म्हणून पुस्तक हातात असतानाच मालिका, खंड, भाग, साल, पान वहीत उतरवा. तळटीप अशी दिसली पाहिजे: ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १४, मुंबई, १८८२, पृ. ५५’. स्कॅन वाचत असाल तर मोबाइलच्या पडद्यावर वर दिसणारा आकडा घेऊ नका. त्यात मुखपृष्ठ, अनुक्रमणिका सगळं मोजलेलं असतं. पानावर छापलेला आकडाच घ्या. पुनर्मुद्रण वापरलं असेल तर मूळ साल आणि तुमच्या प्रतीचं साल, दोन्ही लिहा.

जे वाचलं त्याचाच संदर्भ द्यायचा. गॅझेटिअरमधला उतारा एखाद्या मराठी पुस्तकातून उचलला असेल, तर तळटिपेत ‘उद्धृत’ म्हणून त्या पुस्तकाचं नाव आलंच पाहिजे. त्याहून बरं, मूळ खंड शोधा. आपल्या शहरात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आधी तिथे चौकशी करा.

संदर्भ लिहायच्या शैलीवरून डोकं पिकवू नका. एपीए शैलीला लेखक आणि साल लागतं, एमएलए शैलीला लेखक आणि पान. विभाग सांगेल ती धरा, शेवटपर्यंत तीच. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मराठी नावातलं आडनाव योग्य रकान्यात गेलंय ना, ते स्वतः बघा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे मुलांना पाठ असतं. पण तो हिशेब जुळणाऱ्या मजकुराचा. दुसऱ्याचा मुद्दा तुम्ही आपल्या शब्दांत मांडलात तरी मुद्दा त्याचाच, संदर्भ द्यावाच लागतो.

चेंदणी कोळीवाड्यात एखाद्या आजींशी बोलून आलात, तर त्यांनाही हाच मान द्या. नाव छापू का, ते विचारा. ठिकाण, तारीख लिहा, रेकॉर्डिंग जपून ठेवा. नाव नको म्हणाल्या तर ‘मासळी विकणाऱ्या ज्येष्ठ महिला, चेंदणी’ एवढं चालेल. नुसतं ‘स्थानिकांच्या मते’ लिहिलेलं मी खोडते.