एव्हीआरचा येऊन-जाऊन वाजणारा अलार्म

कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांत को-जनवर (बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या वीजनिर्मितीवर) काम करणाऱ्यांसाठी: जनरेटरचं व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणाऱ्या एव्हीआरच्या पॅनेलवर ‘पीटी फेल’ (पीटी म्हणजे व्होल्टेज मोजण्यासाठी ते कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) असा अलार्म येतो, रिसेट केला की जातो, रात्रपाळीला पुन्हा हजर! लगेच एव्हीआरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलू नका, महागात पडतं. आधी इव्हेंट लॉगमधली वेळ बघा, त्या क्षणी कुठली मोठी मोटर सुरू झाली होती का? मग पीटी सेकंडरीचं (आउटपुट बाजूचं) व्होल्टेज फ्यूजच्या दोन्ही बाजूंना मोजा. अलीकडे ११०, पलीकडे १०४? मग फ्यूजची क्लिप सैल, नाहीतर बगॅसच्या धुळीनं काळवंडलेली. मशीन लोडवर असताना फ्यूज मात्र ओढू नका. एव्हीआरला व्होल्टेज पडल्यासारखं वाटतं आणि तो एक्सायटेशन (जनरेटरच्या चुंबकाला दिला जाणारा प्रवाह) वाढवत सुटतो. क्लिप साफ करणं, टर्मिनल आवळणं शटडाऊनलाच.