ग्रॅज्युएशन झाल्यावर नर्सिंगला जाताय? आधी या चुका टाळा

मी बीएस्सी केमिस्ट्री, मग दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, आणि त्यानंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. आता आयसीयूला आहे. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाच्याही पोरीच्या डोक्यात नर्सिंग आलं की नंबर माझाच दिला जातो. फोन करा, राग नाही, पण तेच तेच ऐकून वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आवडती चूक, "ताई मी ग्रॅज्युएट आहे, म्हणजे डायरेक्ट सेकंड इयर ना?" नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची डिग्री असलेल्यांसाठी वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची डिग्री देणारे कोर्स आहेत, त्यांचे व्हिडिओ बघून लोक इथे तेच शोधत बसतात. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग म्हणजे ४ वर्षं आणि जीएनएम म्हणजे ३, तुम्ही बीकॉम असा नाहीतर एमए. पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षांचं असतं, पण ते जीएनएम झालेल्या नर्सेससाठी, नावातला 'पोस्ट' बघून उड्या मारू नका. बीएस्सी नर्सिंगला तुमची बारावी बघतात, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो-इंग्रजी, ओपनला ४५ टक्के, वर सीईटी. बीकॉमला ७८ टक्के पडले असतील तर ते घरी फ्रेम करून लावा. बारावी आर्ट्स-कॉमर्सची असेल तर जीएनएमचा रस्ता आहे, तिथे शाखा आडवी येत नाही, इंग्रजी आणि ४० टक्के लागतात.

हे मी एवढं तावातावानं सांगते कारण मी स्वतः फसलेय. "एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, शंभर टक्के जॉब" असा बोर्ड बघून २२ हजार भरले. दोन खोल्या, एक हात तुटलेला डमी, आणि आमचे सर म्हणजे ज्यांनी ॲडमिशन दिली तेच. मला वाटायचं, मी डिग्रीवाली, मला कशाला तीन वर्षं लागतील? सहा महिन्यांनी प्रॅक्टिकलला एका छोट्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी सहज विचारलं, "तुझं रजिस्ट्रेशन कुठल्या कौन्सिलला होणार गं?" मला कौन्सिल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी चहा मागवला, मला बसवलं आणि म्हणाल्या, "बाळा, नर्सेसची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते, तिथला नंबर नसेल तर या कागदावर तुला आया म्हणून घेतील, सिस्टर म्हणून नाही." घरी यायला बसमध्ये बसले ते शेवटच्या स्टॉपला जाऊन पोचले, आपला स्टॉप कधी गेला कळलंच नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी, कॉलेजच्या ऑफिसात नंतर, आधी कॅन्टीनमध्ये. शेवटच्या वर्षाच्या पोरी गाठायच्या आणि दोनच गोष्टी विचारायच्या, क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, कुठल्या हॉस्पिटलला असते आणि मागच्या बॅचचं रजिस्ट्रेशन झालं का. मग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आपल्या डोळ्यांनी बघायचं. "रजिस्ट्रेशनचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं की चप्पल घालून निघायचं.

दुसरी चूक, वॉर्ड न बघता ठरवणं. लोकांना वाटतं घाण, रक्त, बेडपॅन याची किळस येईल म्हणून जमणार नाही. अहो त्याची सवय होते, महिन्याभरात होते. आमच्या मागच्या बॅचला एक इंजिनियर मुलगा आला होता, पंचविशीचा, हुशार, सगळं पाठ. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हे मावशी करत नाहीत का?" तरी निभावलं त्यानं, पेशंटचं अंग पुसलं, युरिन बॅग रिकाम्या केल्या, कुरकुर नाही. सोडून गेला तो भलत्याच कारणानं. एकोणीस वर्षांच्या सीनियर पोरीनं त्यानं लावलेला पेशंटचा बेड उलगडून टाकला, चादरीचे कोपरे नीट नाहीत म्हणून, आणि पेशंटच्या नातेवाइकांसमोर परत करायला लावला. चौथ्या महिन्यात गायब. डिग्री इथे चपलेसारखी दाराबाहेर ठेवावी लागते आणि त्याला ते जमेना.

म्हणून मी सांगते, नात्यात कुणी ॲडमिट असेल तर रात्रीला तुम्ही थांबा. एक नाही, सलग तीन रात्री. मोबाईल बॅगेत. सिस्टर पहाटे चारला काय करतात, कुणाकडून काय काय ऐकून घेतात ते बघा. घरच्यांनाही तेव्हाच कळेल नाईट ड्यूटी म्हणजे काय, लग्न झालेल्यांनी तर हे आधीच बोलून घ्या.

वयाचा हिशोब प्रवेशाच्या दिवशी नाही, पास व्हायच्या दिवशी करा. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरती परीक्षेला, ओपनची मर्यादा ३० आहे, सत्ताविसाव्या वर्षी ४ वर्षांच्या डिग्रीला बसलात तर ते दार बंद. आपल्या राज्याच्या सरकारी भरतीत ओपनला ३८ पर्यंत चालतं, तेवढा दिलासा. मुलांनी हेही बघा, नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा महिलांसाठी असतात.

जर्मनीची स्वप्नं बघणाऱ्यांनी भाषा पहिल्या वर्षापासून धरा, तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ लेव्हलची जर्मन लागते आणि ती शेवटच्या सहा महिन्यांत येत नाही, कितीही क्रॅश कोर्स लावा.

हॉस्पिटल आवडतं पण पेशंटला हात लावायचा नाही, असं असेल तर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन बघा, उगाच एक सीट अडवू नका.

आणि कुठेही ओरिजनल मार्कशीट ठेवून घेत असतील तर आधी बॉण्ड वाचा, सोडायचं झालं तर किती भरावे लागतील ते लेखी घ्या. फोन मला करायचाच असेल तर नाईटच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर करा, त्याआधी झोपलेली असते.