खरबूज, कलिंगड की भोपळा?

रशियन आली, आता युक्रेनियन आणि तुर्की पटकन उरकू, असं ठरवलेल्यांसाठी हे लिहितेय. लिपी आणि विभक्ती तुम्हाला येतात असं धरते.

माझा पाय घसरला तो एका युक्रेनियन मेन्यूच्या भाषांतरात. ‘हर्बुझोवा काशा’ असा पदार्थ होता. रशियनमध्ये ‘अर्बूज’ म्हणजे कलिंगड, म्हणून कोश न उघडता मी ‘कलिंगडाची खीर’ लिहून दिलं. ती भोपळ्याची होती. काम परत आलं आणि तिथून पुढचं काम कधीच मिळालं नाही. अजूनही आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून हा गुंता सावकाश सोडवते. मूळ फारसी ‘खरबुझा’, आपलं खरबूज. तुर्कीत तो शब्द ‘कारपूझ’ झाला आणि कलिंगडाला चिकटला. रशियन आणि पोलिश ‘अर्बूज’सुद्धा कलिंगडच. युक्रेनियन ‘हर्बूझ’ मात्र भोपळा. तिकडे मागणी घालायला आलेल्याला भोपळा देणं म्हणजे नकार, अशी जुनी रीत आहे. आपल्या ‘हाती भोपळा’शी जोडून ठेवा, विसरणार नाही. मग युक्रेनियन कलिंगड? ‘कवून’. शब्द तुर्की घराण्यातलाच, पण इस्तंबूलमध्ये ‘कवून’ मागाल तर खरबूज मिळेल. रशियन-पोलिशसारख्या स्लाव्ह भाषांतला ‘दिन्या’ तर आणखी फिरतो: रशियात खरबूज, पोलंडमध्ये भोपळा, बल्गेरियात कलिंगड. शब्द ओळखीचा वाटला की फळाचा फोटो बघा. दर वेळी बघा.

‘हिंदी-उर्दू येतं ना, मग तुर्की अर्धी आलीच’ असं सांगणाऱ्या शिक्षकांपासून लांब राहा. समान शब्दांच्या तयार याद्याही पाठ करू नका. त्यांत शब्द असतो, पण तो कुठल्या गावात काय होतो ते नसतं.

अभिवादनाचे शब्द त्या मानाने सोपे. उझबेक ‘सलोम’, कझाक ‘सालेम’, अझरबैजानी ‘सलाम’ लगेच कळतात, बोस्नियातल्या मुसलमान घरांत ‘मेरहाबा’ही ऐकू येतं. पण आभार मानताना जपा. ताश्कंदमध्ये ‘रहमत’ म्हणजे धन्यवाद. तुर्कीत ‘रहमेत’ म्हणजे देवाची कृपा, आणि ‘रहमेतली’ म्हणजे कैलासवासी. तिथे ‘तेशेक्कूर एदेरिम’ म्हणा.

घाबरून सोडून मात्र देऊ नका. उझबेक ‘तरवूझ’ म्हणजे आपलं टरबूजच. ‘चोर्बा’ हा आपल्या शोरब्याचा भाऊ, इस्तंबूलपासून बेलग्रेडपर्यंत वाटीत गरमागरमच येतो. ‘बुरेक’ म्हणजे सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थही सगळीकडे ओळखीचा, फक्त बोस्नियातल्या साराजेव्होत तो खिम्याचाच, चीजचा हवा असेल तर ‘सिर्नित्सा’ मागा.

माझ्या वहीत आता दर शब्दापुढे शहराचं नाव असतं, अर्थ त्यानंतर. पहिले दोन महिने वेग फार मंदावला आणि रडूही आलं. तिसऱ्या महिन्यात कीव्हचा एक मेन्यू एकही शब्द न चुकता पुरा झाला.